दिसण्यापुरता खिसा

ट्रायल रूममध्ये तिने नव्या पँटच्या खिशात हात घालून पाहिला. बोटं दुसऱ्या पेरापाशीच अडली. दुसऱ्या पँटचा खिसा वरूनच शिवून टाकलेला होता, नुसतीच शिवण. तिसरीला तेवढीही नव्हती.

तिने दार किलकिलं केलं. बाबा समोरच्या स्टुलावर बसले होते, काठी गुडघ्यांत धरून.

"बाबा, उठायचं नाही हं. मी आलेच."

"मी कुठे जातोय," बाबा म्हणाले.

विक्रेती मुलगी आणखी दोन पँट घेऊन आली.

"यांचे खिसे खोल आहेत का?"

"ताई, लेडीजमध्ये खिसा दिसण्यापुरताच असतो. नाहीतर फिटिंग बिघडतं."

"मग फोन कुठे ठेवायचा?"

"पर्स असते की सगळ्यांकडे."

पर्स तिच्याकडेही होती. पण बाबांना आता घट्ट दंडाला धरूनच चालवावं लागे, आणि पर्स खांद्यावरून घसरली की ती सावरायला हात सोडावा लागे. मागच्या आठवड्यात भर रस्त्यात तसाच हात सुटला, आणि बाबा सरळ गाड्यांच्या मधून चालू लागले. तेव्हापासून पर्स घरी. तिचा फोन, किल्ल्या, पैसे, सगळं बाबांच्या पँटच्या खिशात. त्या खिशात तिचा हात मनगटाच्या वर जाई. आत काय आहे हे बाबांना आठवत नसे, त्यामुळे काही हरवतही नसे.

नव्या दोन्ही पँटची तीच गत होती. ती आपले कपडे चढवून बाहेर आली. स्टुलावर काठी आडवी ठेवलेली होती. बाबा नव्हते.

तिने हँगरच्या रांगांमधून डोकावून पाहिलं. पुरुषांच्या विभागात पाहिलं, जिन्यावर पाहिलं. मग दारावरच्या रखवालदाराला विचारलं.

"आजोबा? ते गेले ना मघाशी. मी दार उघडलं, तर थँक्यू म्हणाले."

"अडवलं नाहीत?"

"कसं अडवणार ताई? चांगले ताठ चालत होते."

बाहेर ऑफिसं सुटली होती. ती डावीकडे कोपऱ्यापर्यंत धावली, परत आली, उजवीकडे पुलापर्यंत गेली. पांढरं डोकं दिसलं की पुढे जाऊन चेहरा पाहिला. पुन्हा दुकानात आली तोवर रखवालदाराने पोलिसांना फोन लावला होता.

"फोटो पाठवा म्हणतायत," तो म्हणाला.

फोटो तिच्या फोनमध्ये होते. भावाचा नंबर फोनमध्येच होता, आणि फोन बाबांच्या खिशात. पाठ असलेला नंबर एकच, तिचा स्वतःचा.

विक्रेतीच्या गणवेशालाही खिसा नव्हता. तिने कमरेला खोचलेला फोन काढून दिला. "ताई, तुमच्याच नंबरवर लावून बघा."

रिंग वाजत राहिली. बंद होणार इतक्यात कुणीतरी फोन उचलला. मागे गाड्यांचा आवाज येत होता.

"हॅलो. कोण बोलतंय?"

"बाबा, मी. कुठे आहात तुम्ही?"

"मी इथेच आहे. आपण कोण?"

"मी, बाबा. तुमची मुलगी."

"मुलगी माझ्याबरोबर आहे. हा फोन तिचाच. आत कपडे बघतेय. आली की सांगतो हं तिला."

फोन बंद झाला. तिने लगेच पुन्हा लावला.

"बाबा, ठेवू नका. शेजारी कुणी आहे? त्यांच्या हातात जरा फोन द्या."

"असा कसा देऊ? मुलीची वस्तू आहे. कुणी पळवली तर ती काय म्हणेल मला?"

"काही म्हणणार नाही ती. द्या ना बाबा."

"तुम्हाला नाही माहीत. ती माझ्यावर विश्वासाने ठेवून गेलीय." त्यांचा आवाज जरा चिडला होता. "आणि सारखे फोन करू नका. बॅटरी संपते तिची."

"बरं," ती म्हणाली. विक्रेती आणि रखवालदार तिच्या तोंडाकडे बघत होते. तिने तोंडावर हात दाबून धरला, तरी हुंदका फुटलाच.

पलीकडे फोन बंद झाला नाही. मागे हॉर्न वाजत होते.

"बाई, रडताय का तुम्ही?"

तिने बाहीने डोळे पुसले.

"तुमचं कुणी हरवलंय का?"

"हो."

बाबांचा आवाज एकदम बदलला. सारी नोकरी त्यांनी बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत काढली होती, आणि तिथला तो आवाज होता, शांत, सवयीचा, कितीदाही विचारलं तरी न वैतागणारा.

"मग घाबरायचं नाही," ते म्हणाले. "आहात तिथेच उभ्या राहा. इकडेतिकडे गेलात तर चुकामूक होते. घरचं माणूस येतंच शोधत."