शून्य खर्चाचं छप्पर

गारांनी कौलांचा चुरा केला होता. छप्पर शाकारायला इर्जिकीनं, म्हणजे नुसत्या जेवणावर, आलेला शेजारी भिवसन दारातच भडकला.

"वहिनी, मला मजुरी देता? पोटभर जेवू घाला, झालं. मी काय परका?"

"तुमच्या आपलेपणानंच घर बसलं माझं!" येसाबाई कडाडली. "तीनदा फुकट शाकारलंत, तीनदा मी सरकारला कळवलं, खर्च शून्य. वर मिरवलंसुद्धा!"

ढग वळवणारं सरकारी यंत्र गारा थांबवू शकत नव्हतं. जिथली दुरुस्ती सर्वांत स्वस्त, नेमक्या त्या घरावर ते गारा उतरवायचं. शहरावर त्यामुळे कोवळं ऊन, आणि वस्तीत येसाबाईच्या डोक्यावर दगडांचं आभाळ.

"पाच हजार. लावा पावतीवर अंगठा."

"ढगाला दाखवायला माणसाचा भाव करता?"

"करते!"

भिवसननं अंगठा लावला. छप्पर शाकारलं, पण पानावर बसला नाही. "माझ्या घराला आता तुमचा हात नको," म्हणाला आणि गेला.

चौथ्या दिवशी ढग आले. येसाबाईच्या नव्या कौलांना वळसा घालून ते भिवसनच्या छपरावर उतरले, कारण त्याचं घरही आजवर इर्जिकीनंच शाकारलेलं, आणि आता सर्वांत स्वस्त तेच.

ती उंबऱ्यात पदर खोचून उभी राहिली. त्यानं हाक मारली नाही.