न्हाणीघरातलं जंगल

न्हाणीघराच्या खिडकीला गोधडी ठोकली होती, दाराखालच्या फटीत पंचे कोंबले होते, आणि भर दुपारी लाल दिव्याच्या उजेडात गुरुदत्त घामाने निथळत जंगलात अंधार करत होता. विलायतेला परत जाताना कुणी गोरा साहेब विकून गेलेला, फोटो मोठे करून छापायचा एन्लार्जर त्याने पाटावर मांडला होता. उजेड आणि कागद यांच्यामध्ये त्याचा तळहात सारखा फिरत होता. हात आड आला की तेवढा भाग उजळ राही; हात काढून जास्त उजेड पडू दिला की काळाकुट्ट होई. भिंगाखाली बायकोच्या विरलेल्या रेशमी साडीचा तुकडा ताणला होता. त्याने झाडांच्या कडा पुसट होत आणि धुकं उतरल्यासारखं दिसे.

दार वाजलं.

"मी आहे," कालिंदी बाहेरून म्हणाली. "कागद झाका आणि उघडा."

ती आत आली आणि तिने दार पुन्हा घट्ट लावून घेतलं. "परवा तुम्ही एकटेच जा. मी आणि सुची इथंच, बाबांकडे राहतो. तुमच्या जंगलात दोन वर्षांची पोर घेऊन मी यायची नाही."

गुरुदत्तचा हात खाली आला. सर्वेक्षण खात्याने चार महिन्यांपूर्वी त्याची बदली उत्तर बंगालातल्या डुआर्सच्या जंगलात केली होती, आता बिऱ्हाड मिळालं होतं, आणि बायकोमुलीला न्यायला तो कलकत्त्यात बालीगंजला सासऱ्यांकडे आला होता. सियालदह स्टेशनावरून सुटणाऱ्या गाडीची तिकिटं खिशात होती.

"तिथं माणसं राहतात, कालिंदी. किती वेळा सांगू?"

"सांगता एक आणि दाखवता एक. तुम्ही प्रदर्शनात लावलेला तिथला फोटो माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. झाडामागे चकाकतंय ते जनावराचे डोळे आहेत, असं घोषबाबू सगळ्यांदेखत म्हणाले. तुम्ही नुसते हसलात."

हसला होता हे खरं. त्या फोटोपुढे माणसं आवाज खाली आणून बोलत होती, आणि असल्या वेळी खरं सांगून टाकण्याइतका मनाचा मोठेपणा गुरुदत्तजवळ नव्हता. कितीजणांजवळ असतो?

"तोच फोटो आत्ता छापा," कालिंदी म्हणाली. "माझ्यासमोर. हात न फिरवता आणि ते फडकं न लावता."

"अगं, मग त्यात काहीच उरत नाही."

"काही नाही तेच बघायचंय मला."

तेवढ्यात दारावर टकटक झाली. "जावईबापू," श्यामरावांचा आवाज आला, "आमची आंघोळ आज आहे की उद्या?"

"बाबा, थांबा म्हणते ना!"

लेकीचा हा सूर ऐकून श्यामराव निमूट परत गेले.

गुरुदत्तने रेशमी तुकडा काढला. बिनमिठाची आमटी वाढायची वेळ आल्यासारखं त्याचं तोंड झालं होतं. त्याने नवा कागद लावला, एन्लार्जरचा दिवा लावला, विझवला आणि कागद ट्रेमधल्या रसायनाच्या पाण्यात सोडला. दोघं वाकून बघू लागली. कालिंदीने पदराचं टोक मुठीत गच्च धरलं होतं.

आधी बुंधे आले. मग पानं आली. झाडं भराभर काळी होत गेली आणि त्यांच्यामध्ये पांढरं पांढरं काहीतरी तसंच राहिलं.

"हे काय?"

"धुणं," गुरुदत्त पुटपुटला. "जंगलखात्याच्या गार्डाचं घर आहे तिथं. धुण्याने सगळ्या फोटोचा विचका होत होता, म्हणून काळं केलं."

"आणि ते डोळे?"

"दोन पातेली आहेत. घासून उपडी घातलेली. ती काही केल्या काळी होईनात, मग राहू दिली."

कालिंदी हसली नाही. ओल्या कागदावर बोट न टेकवता ते ती दोरीवरून हळूहळू सरकवत होती.

"ही साडी. हा परकर. ही बाळाची दुपटी... बघा ना, किती आहेत! हे झबलं मात्र आपल्या सुचीच्या मापाचं." ती थांबली. "म्हणजे दोन पोरं आहेत हिला. आणि एवढं धुते, तर पाण्याची ददात नाही. धुणं उघड्यावर टाकून आत गेलीय खुशाल. जनावराचं भय असतं तर अंगणात पोरांचे कपडे असे सोडले असते का बाईने?"

"मी हेच तर सांगत होतो."

"तुम्ही कुठं सांगितलंत धुण्याचं?"

चार महिने गुरुदत्त त्या अंगणावरून जात-येत होता. दोरीवर सांगण्यासारखं काही असतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

कालिंदीचा जीव भांड्यात पडला. ती उपड्या बादलीवर बसली आणि हसू लागली, आणि हसता हसताच डोळे पुसू लागली. "एका बाईचं नांदतं घर पुसून टाकलंत, आणि वर शाबासकी घेऊन आलात!"

"चित्र म्हणून ते चांगलं होतं गं."

"असेल. राहायला हे बरं आहे."

त्यालाही हसू आलं. किती दिवसांनी आलं, आणि केवढं हलकं वाटलं! फोटो उजेडात टिकावा म्हणून त्याने तो दुसऱ्या ट्रेमध्ये बुडवला आणि बराच वेळ हलवत राहिला. मग त्याने मान डोलावली तशी कालिंदीने दार सताड उघडलं.

बाहेर खांद्यावर पंचा टाकून श्यामराव उभेच होते.

"बाबा, आंघोळ उरकून बाजारात जाणार ना? धुण्याची दोरी आणा."

"अगं, आपली आहे की चांगली."

"ती असू दे तुम्हाला. मला न्यायला हवी," कालिंदी म्हणाली. "आणि लांब बघून आणा. तिथं ऊन बरंच दिसतंय."