बहात्तर

“हात वर करा बाबा. अजून थोडा.”

बाबांनी हात वर केला. बाहीतली तार कुठे ताणली गेली नाही. तिने ओठांत धरलेली टाचणी शिवणीला लावली आणि कॉलरकडे पाहिलं. निळ्या दिव्यांची बारीक ओळ ठोक्यागणिक उजळत होती. कफवर आकडा होता, बहात्तर.

गेल्या वर्षी बाबांना हृदयाचा झटका आला. तेव्हापासून ते झोपले की ती नाकाखाली बोट धरून बघायची. ठोके मोजायला डॉक्टरांनी दिलेला पट्टा बाबांनी दोन दिवसांत भिरकावला होता. “चाळीस वर्षं लोकांना सूट शिवले. मरेन तर झोकात मरेन, असलं जोखड घालून नाही.” म्हणून हे जॅकेट. कापड आणि कट तिचा, आतलं यंत्र धाकट्या भावाचं.

आतल्या खिशाला भावाची चिठ्ठी टाचलेली होती. बॅटरी जपून वापर, असलंच काहीतरी नेहमीचं असणार. तिने ती न उघडताच टेबलावर टाकली.

“बाही पाव इंच लांब आहे,” बाबा म्हणाले. “माझ्या हाताखाली शिकून हे?”

“तुमचाच हात आखडलाय.”

“जीभ मात्र चांगली वाढलीये तुझी.” हसता हसता त्यांना ठसका लागला. आकडा जराही हलला नाही. वर्षभर टांगणीला लागलेला तिचा जीव भांड्यात पडला.

ती खाली बसून अस्तर टाचू लागली.

“छातीवर जड वाटतंय गं.”

तिने मान वर करून दिवे पाहिले. “बॅटरी आहे ती. काळीज घड्याळासारखं चाललंय तुमचं. खुर्चीत बसा, बसूनही बघायचंच आहे.”

ते बसले. ती टाचत राहिली, बटणांबद्दल, रंगाबद्दल बोलत राहिली. बाबांनी एकदाही खोड काढली नाही. तिने पाहिलं तर मान कलली होती, डोळा लागला होता. बाही बघायला हात उचलला तो गार लागला, म्हणून तिने पंखा बंद केला. सवयीने बोट त्यांच्या नाकाकडे गेलं. मग दिवे बघून ती स्वतःशीच हसली आणि बोट मागे घेतलं.

भाऊ दारातून आत आला.

“हळू, झोपलेत,” ती म्हणाली. “जिंकलास रे तू. तासभर बघतेय, बहात्तरच्या खाली नाही की वर नाही.”

तो जागीच थांबला. “ताई, चिठ्ठी वाचली नाहीस?”

“का रे?”

त्याने मूठ उघडली. तळहातावर ठोके टिपणारा नखाएवढा सेन्सर होता.

“याची तार सुटली होती, सकाळीच जोडायला नेला मी. दिवे लागल्याशिवाय तू फिटिंग करत नाहीस, म्हणून बाबांचे परवा टिपलेले ठोके जॅकेटमध्ये भरून ठेवले होते.”