चुना टाकलेली विहीर

यंत्राने राखेचा शेवटचा थर खरवडला आणि अनसूयाबाईंना आपल्या गावच्या विहिरीचा काठ दिसला. त्या नववधू होत्या तेव्हा वीज केंद्राच्या राखेखाली सगळं गाव गाडलं गेलं होतं. आता जगातला कोळसा संपला, नवी राख मिळेना, म्हणून काँक्रीटमध्ये घालायला ही जुनीच उपसून नेत होते. राख गेली की जमीन गावाला परत, असं ठरलं होतं.

"घरं नसली तर नसोत. पाणी असलं की गाव पुन्हा बसतं," असं सुनेला म्हणत त्यांनी काठाला हळदकुंकू वाहिलं आणि बादली सोडली.

हातभर खालीच ती खणकन आपटली.

यंत्रावरचा माणूस उतरून डोकावला. "मावशी, नुसती राख इतकी घट्ट होत नाही. चुना टाकला होता का हिच्यात?"

"गाव सोडताना घरटी टोपलंभर. माघारी येईस्तोवर पाणी नासू नये म्हणून."

"मग संपलंच. चुना, राख अन् पाणी. तळापर्यंत काँक्रीट झालंय हे."

सुनेने त्यांच्या हातातला दोर घ्यायला हात पुढे केला. अनसूयाबाईंनी तो सोडला नाही.

"मिसळलाही चांगला होता," त्या म्हणाल्या. "मीच ढवळला, बादलीनं."