रिकामा डबा

नारळी पौर्णिमा तीन दिवसांवर आली, तरी चांगुणाबाईंच्या काचेच्या टाकीत नुसतं पाणीच होतं.

पंचवीस वर्षांपूर्वी समुद्र इतका तापला की खडकांवरची समुद्रफुलं, म्हणजे खडकाला चिकटून राहणारे फुलासारखे मऊ जीव, मरू लागली. तेव्हा हर्णैच्या घराघराने एकेक फूल टाकीत जगवलं. आता पाणी निवलं होतं. यंदा नारळाबरोबर प्रत्येक घर आपलं फूल समुद्राला परत देणार होतं.

चांगुणाबाईंची टाकी त्यांचा नवरा बघायचा. तो गेल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात घात झाला. आटलेल्या टाकीत गोडं पाणी घालायचं असतं, कारण मीठ काही उडून जात नाही. पण समुद्राच्या जिवाला गोडं पाणी पाजायला त्या कोळिणीचा हात धजेना. महिनाभर त्यांनी मायेने खारंच ओतलं, टाकीतलं मीठ वाढत गेलं, आणि फूल गेलं.

दुपारी मागच्या आळीतली दमयंती स्टीलचा डबा घेऊन आली.

"काकी, तुमचा डबा राहिला होता माझ्याकडे. माझं लग्न झालं त्या वर्षी तुमच्या फुलाची दोन झाली, त्यातलं एक काकांनी यातून दिलं होतं."

झाकणावर नवऱ्याचं नाव कोरलेलं होतं. आत जांभळ्या टोकांचं फूल हलत होतं.

"हे त्याचं पिल्लू?"

"पिल्लू कसलं? दोन झाली तरी दोन्ही तेच, असं काका म्हणायचे."

"अगो, मग तुला?"

"माझ्याकडे आहेत अजून तीन. आणि रिकामा डबा कुणी परत करतं का, काकी?"

चांगुणाबाईंनी पाण्यात बोट बुडवलं. फुलाने ते ओळखीचं असल्यासारखं घट्ट धरलं.