लाल धूळ, पांढरी धूळ

धाकटीने पर्समधून दोन डब्या काढून टेबलावर आपटल्या. दोन्हींत हवा गाळायच्या कागदाची एकेक चकती होती. दादाने मान वर केली नाही. घराजवळच्या खडीच्या क्रशरवर तो मुकादम होता; तिथून नुकताच आलेला, भुवयांपर्यंत पांढरा झालेला, तो बूट काढत होता.

"ही लाल चकती आमच्या प्रयोगशाळेच्या गच्चीवरची. परवाच्या वादळाने वाळवंटातून आणलेली धूळ. लोखंड असतं तिच्यात, म्हणून लाल. ऊन शोषते, हवा तापवते. आणि ही कालची, वादळ ओसरल्यावर तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत लावलेली. बघ, लाल आहे का कुठे?"

"मालक म्हणाले, सगळ्यांनाच वादळाचा खोकला झालाय," दादा म्हणाला. "धूळ ती धूळ."

त्या 'मालक म्हणाले'ने तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत वहिनी खोकत होती. तो खोकला वादळाच्या कितीतरी आधीचा होता.

"ही गारगोटीची पूड आहे, दादा. तुझ्या यंत्रातून आलेली. छातीत गेली की तिथंच रुतून बसते. यंत्रावर पाण्याचे फवारे आहेत ना? चावी तुझ्याच हातात असते. मग बंद का ठेवतोस?"

"ओली खडी चाळणीत अडकते. माल निघत नाही. तपासणीला कुणी आलं की सोडतो की." आता तोही तापला. "काम सोडून घरी बसू? मग चूल काय तुझ्या गारगोट्या घासून पेटवायची?"

धाकटीने दोन्ही डब्या पुन्हा पर्समध्ये कोंबल्या. सख्खा भाऊ, आणि बोलतो मालकाच्या तोंडाने.

दादा बेसिनपाशी गेला. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसायला गेला आणि थांबला. मग नळ सोडून त्याने एकेक काच धारेखाली धरली, अगदी हलक्या हाताने.

"हे काय नवीन?" धाकटीने विचारलं.

"चष्मेवाल्याने बजावलंय. आधीच्या काचा चरे पडून आंधळ्या झाल्या. ही धूळ कोरडी पुसायची नाही, काच कापते. आधी पाणी."

वहिनी दारात येऊन उभी होती. एक हात चौकटीवर, दुसरा छातीवर. उबळ ओसरेपर्यंत ती थांबली.

"बरोबरच आहे ह्यांचं," ती नणंदेला म्हणाली. "काच नवी आहे."