पेट्रोलचा वास

शिरूरच्या अजीममामांनी उभ्या हयातीत गाड्यांची दुखणी नाकानंच ओळखली होती. त्या दुपारी रांजणगावच्या कंपनीतला सोपान नवी फ्युएल-इंजेक्शनवाली मोटारसायकल घेऊन आला. “मामा, काळा धूर मारतीय. पेट्रोलच्या वासानं डोकं उठलंय.” मामा सायलेन्सरशी वाकले, पण त्यांना कसलाच वास आला नाही. आत जाऊन त्यांनी पेट्रोलचा डबाच नाकाशी धरला. जणू पाणीच. तरी बाहेर येऊन त्यांनी गाडी खोलली. उष्णता मोजणाऱ्या सेन्सरची वायर तुटली होती. इंजिन स्वतःला थंडच समजून जास्त पेट्रोल पीत होतं. वायर जोडली, काजळलेला प्लग बदलला, धूर थांबला. “वास गेला का, बघ,” मामा म्हणाले. सोपान हसला. “तुमच्या नाकापुढं आमचं काय चालायचं?” “गेला,” म्हणत मामांनी तोंड फिरवलं. गाडी गेल्यावर शटर ओढून ते बिनवासाच्या गॅरेजात बसून राहिले.